चार नावांचं अंतर

मिरकरवाड्याच्या मासळी वाहतूक मंडळीने बारा नव्या गाड्या घेतल्या आणि प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या तोंडासमोर काडेपेटीएवढा एक कॅमेरा चिकटवून दिला. त्याचं ‘सासू’ असं बारसं गंगाराम शिवलकरने केलं. नाव अगदी शोभून दिसलं. पट्टा बांधला नाही की सासू टोकायची, फोन कानाला लावला की टोकायची, आणि डोळे दीड सेकंदाच्या वर मिटलेले दिसले की गोड आवाजात म्हणायची, “आपण थकला आहात. कृपया विश्रांती घ्या.” तेवढ्यावर ती थांबली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण तोंडावर गोड बोलून ती पाठीमागे मंडळीच्या कचेरीत चहाडी करायची, आणि तिथल्या पडद्यावर त्या ड्रायव्हरच्या नावापुढे तांबडी खूण उमटायची.

महिन्यात तीन तांबड्या खुणा झाल्या की गाडीची किल्ली महिनाभर काढून घ्यायची आणि त्या माणसाला जेटीवर बर्फ फोडायला लावायचं, असा नियम ठरला होता. पहिला महिना नियम नुसता समजावण्यात गेला, म्हणून गंगाराम वाचला. नाहीतर त्या एका महिन्यात त्याच्या नावापुढे एकेचाळीस खुणा होत्या.

एकेचाळीस! मंडळीचा व्यवस्थापक निहार, सगळ्यांशी अदबीने वागणारा मुलगा, त्याने हळूच विचारलं, “तात्या, घरी झोप होत नाही का?” तेवढं ऐकून कचेरीच्या दारात उभे असलेले चारजण फिस्सकन हसले आणि गंगारामच्या अंगाचा तिळपापड झाला. वय सत्तावन्न. त्यातली एकतीस वर्षं स्टेअरिंगवर. एवढ्या वर्षांत चाकाखाली कोणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. मंडळीचे बाकीचे अकराच्या अकरा ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेले, त्याचा मुलगा नितेशही त्यातलाच. अशा माणसाला हा काडेपेटीएवढा डबा झोपाळू म्हणतो? स्टेअरिंग सुटून बर्फ फोडायला बसायची पाळी आली, तर त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी, असं त्याला खरोखरच वाटलं.

मग हळूहळू एक गोष्ट बाहेर आली. खुणा गंगारामच्या सर्वांत जास्त, हे खरं. पण बाकीच्यांच्याही होत्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच जागी. हातखंब्याच्या अलीकडे रस्ता सरळसोट उतरतो, तिथे डाव्या हाताला जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर राखणदाराचं स्थान आहे. तिथे आलं की सासू बोललीच.

“झालं तर मग!” गंगाराम मांडीवर थाप मारून म्हणाला. “राखणदाराची हद्द हाय ती. थय यंत्र चालायचा नाय. देवासमोर सासूचा काय चालणार?”

हे सगळ्यांना पटलं. इतकं पटलं, की रविवारी मंडळीची सभा लावून कॅमेरे काढून टाकायची मागणी करायची आणि ती गंगारामतात्यांनी मांडायची, असंही ठरून गेलं. तुम्ही-आम्ही म्हणू, की अरे, बारा शहाणी माणसं, एकाच्याही डोक्यात खरं कारण येऊ नये? पण नाही आलं. माणूस देवाला नमस्कार करतो तेव्हा आपण डोळे मिटले असं त्याला वाटतच नाही. आपण नमस्कार केला, एवढंच त्याला वाटतं.

सभेआधी निहारने नीरजाला बोलावलं. नीरजा रत्नागिरीतल्याच एका शिक्षकाची मुलगी, तिशीची, ड्रायव्हरांना सुरक्षित गाडी चालवायला शिकवण्याचं काम करायची. “आता गाडी कशी चालवायची ता आमाला ही बाय शिकवणार,” असं नितेश मोठ्याने म्हणाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सरळ गंगारामच्या गाडीत क्लीनरच्या जागेवर जाऊन बसली.

सकाळचे नऊ वाजले होते. मागे बांगड्याचे क्रेट आणि वर बर्फ. बाई शेजारी बसलीय म्हटल्यावर गंगारामने जरा ठेवणीतलं ड्रायव्हिंग काढलं. गिअर बदलल्याचं पोटातल्या पाण्याला कळू दिलं नाही. रिक्षावाल्यांना वाट दिली, गाईला वाट दिली, एका म्हाताऱ्याला तर हात दाखवून रस्ता ओलांडू दिला. नीरजा मनापासून म्हणाली, “तात्या, हात छान आहे तुमचा.” गंगाराम खूश झाला.

उतार लागला. चौथरा आला. गंगारामचा उजवा हात स्टेअरिंगवरून आपोआप उठून छातीवर गेला, डोळे मिटले, ओठ पुटपुटले. “आपण थकला आहात,” सासू म्हणाली.

“बघितलंस?” गंगाराम डोळे उघडून विजयाने म्हणाला. “हद्द लागली आणि बिघडली!”

नीरजाने दरवाज्याची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती.  ती म्हणाली, “तात्या, गाडी बाजूला घेता?”

गाडी बाजूला लागली. तिने आपल्या फोनवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं आणि त्याच्या हातात दिलं. चित्रात एका बाजूला गंगाराम होता आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याच्या पाठच्या डोळ्याने टिपलेला समोरचा रस्ता. गंगारामचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलतायत, तोंडावर लहान मुलासारखा भाव. आणि शेजारच्या अर्ध्या चित्रात रस्ता भराभर पोटात घेत गाडी चाललीय. बघायला कोणी नाही.

गंगारामने ते तीनदा लावून बघितलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, हे त्याला पहिल्याच खेपेला कळलं. पण कळल्याचं कबूल करायला माणसाला जरा वेळ लागतो.

“पण मी झोपत नव्हतंय,” तो म्हणाला.

“नव्हता झोपलात. मी तसं लिहून देते. झोप नाही, थकवा नाही, हात उत्तम. तुमची किल्ली कुठे जात नाही, तात्या.”

गंगारामचा जीव भांड्यात पडला. ह्या मुलीला नितेशने उगाच नावं ठेवली, असंही त्याला वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, “तुम्ही म्हणता काय तिथे? सांगण्यासारखं असेल तर सांगा.”

आता हे कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि लाजत सांगून टाकलं. त्याला गाडी शिकवणाऱ्या उस्ताद सखारामने हे शिकवलं तेव्हा नुसता हात छातीला लावायचा आणि पुढे जायचं, एवढंच होतं. मग लग्न झालं. तेव्हापासून ‘राखणदारा, गोदूला सांभाळ’ एवढं म्हणायला लागला. नितेश झाला, मग ‘नितेशला सांभाळ’. सून आली, ‘समीक्षाला सांभाळ’. आणि पाच वर्षांपूर्वी नात झाली, तेव्हापासून ‘सानवीला सांभाळ’. संसार वाढला तसा नमस्कार वाढला. कोणाचं नाव गाळणार? गाळलं आणि त्याच दिवशी काही झालं तर?

नीरजा हसली नाही. तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले. “म्हणून तुमच्या खुणा सगळ्यांपेक्षा जास्त,” ती म्हणाली. “बाकीच्यांची चित्रं मी बघितली. ते डोळे मिटतात नि उघडतात. त्यांचा कधी दीड सेकंद होतो, कधी होत नाही. तुमचे चार सेकंद होतात. दर खेपेला.”

“चार सेकंद म्हणजे काय गो? पापणी लवली की झाले.”

“चला, चालून बघू.”

ती उतरली. मागे चालत चौथऱ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुमची गाडी इथे पन्नासने असते. पन्नासच्या वेगाला एका सेकंदात चौदा मीटर जातात. तुमची अठरा-एकोणीस पावलं धरा. प्रत्येक नावाला एक सेकंद. घ्या नाव, आणि चाला.”

हा काय पोरखेळ, असं गंगाराम मनात म्हणाला, पण चालायला लागला. गोदूचं नाव घेतलं आणि एकोणीस पावलं मोजली. विजेच्या खांबापर्यंत आला. नितेशचं नाव घेतलं, रस्त्याकडेच्या मोरीपाशी पोचला. समीक्षाचं नाव घेतलं. अजून संपेना. आता तो चौथऱ्यापासून इतका लांब आला होता, की नीरजाला बोलायला आवाज चढवावा लागत होता. सानवीचं नाव घेऊन त्याने शेवटची पावलं टाकली आणि थांबला.

तो थांबला तिथे डाव्या बाजूच्या गवतातून एक पायवाट रस्त्यावर उतरत होती. रोजच्या वापराने माती अगदी गुळगुळीत झालेली. रस्त्यापलीकडे तीच वाट पुन्हा सुरू होऊन वर चढत होती. एकतीस वर्षं ह्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा ओळखणाऱ्या गंगारामला ही वाट पाहिल्याचं आठवेना. आठवणार कशी? गेली पाच वर्षं इथे तो डोळे मिटूनच पोचत होता.

“हयसून कोण जातं?”

“वरच्या वाडीतली मुलं,” नीरजा जवळ येत म्हणाली. “शाळा पलीकडे आहे. काल मी येऊन गेले.”

“केवढी पोरं?”

“चौथीपर्यंत शाळा आहे. सानवीएवढीही असतील.”

गंगाराम तिथेच रस्त्याच्या कडेला, गवतात बसला. “एकतीस वर्षांत कोण सापडला नाय पण,” तो म्हणाला. आवाज आपलाच आहे असं त्याला वाटेना.

“नाही सापडलं,” नीरजा म्हणाली. ती वाद घालायला आलीच नव्हती. मग ती म्हणाली, “तात्या, माझा अहवाल फक्त तुमच्यापुरता आहे. बाकीच्यांच्या गाडीत मी बसले नाही. त्यांना हा नमस्कार कोणी शिकवला, तेही मला माहीत नाही. ते तुम्ही बघा.”

आता बघा, गंगारामला काय कमी होतं? किल्ली वाचली होती. रविवारी सभेत उभं राहून ‘राखणदाराच्या हद्दीत यंत्र चालत नाही’ एवढं म्हटलं असतं, तर कॅमेरे निघाले असते, अकरा पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. आपण तेवढं गुपचूप डोळे उघडे ठेवून जायचं. कोणाला काय कळणार होतं? तीन दिवस तो हाच हिशेब घोळवत राहिला. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही.

गोदूबाई मासळीबाजारात पाटी घेऊन बसणारी बाई. सकाळपासून दहा माणसांशी भांडून आलेली. तिच्यापासून किती दिवस लपणार? शनिवारी संध्याकाळी तिने त्याला फैलावरच घेतलं, आणि त्याने सगळं सांगितलं. नावांचंसुद्धा. इतक्या वर्षांत नवऱ्याने आपल्यासाठी रोज देवाकडे मागणं मागितलं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती जराशी विरघळली. पण जराशीच.

“मी रोज बाजारासमोरचा रस्ता ओलांडतंय,” ती म्हणाली. “डोक्यावर पाटी, मान वळत नाय. तेव्हा समोरून कोणतरी गाडी घेऊन येतोच. तोपण असाच येत असंल. डोळे मिटून, आपल्या बायकोचा नाव घेत.”

 गंगाराम जेवणाचं पान तसंच ठेवून उठला आणि पडवीत जाऊन बसला. गोदूबाईने त्याला बसू दिलं.

रविवारी मंडळीच्या हॉलमध्ये बाराही ड्रायव्हर आले. निहार होता, नीरजा कोपऱ्यात खुर्चीवर होती. नितेश बापाच्या शेजारी ऐटीत बसला होता. आज आपला बाप सासूला घराबाहेर काढणार, ह्याची त्याला खात्रीच होती.

गंगाराम उठला. खिशातून गाडीची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

“यंत्र बरोबर हाय,” तो म्हणाला. “राखणदाराचा काय संबंध नाय. आपण डोळे मिटतो.”

 एकदम गलका उठला. कोणी म्हणालं, तात्या फुटले. कोणी म्हणालं, म्हणजे आता देवाला नमस्कारपण करायचा नाय काय? नितेश उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“तुमीच शिकवलात ना, बाबा? तेव्हा मी अठरा वर्षांचा होतंय. ‘राखणदाराला हात जोडल्याशिवाय उतार उतरायचा नाय,’ कोण म्हणालेला? आमचा उस्ताद कोण?”

“मीच,” गंगाराम म्हणाला. “म्हणून मीच सांगतंय. दुसरा कोण सांगणार? मी तुमाला क्लच शिकवला, ब्रेक शिकवला, ता सगळा बरोबर. ह्यां एक चुकीचा शिकवलाय. चार नावं घेतंय मी थय. गोदूच्या नावाला गाडी खांबापर्यंत जाते. सानवीच्या नावाला जाते ती शाळेच्या वाटेवर. मोजलाय मी, पायांनी. माझ्या नातीला सांभाळ सांगताना मी दुसऱ्याच्या नातीच्या अंगावर गाडी घालत होतो. एकतीस वर्षं कोण आडवा आला नाय, ती राखणदाराची कृपा. पण त्याला तरी किती राबवायचा?”

शेवटच्या वाक्याला एकदोघे हसले, पण ते हसू वेगळं होतं.  गंगारामने निहारकडे बघितलं.

“नियम तीन खुणांचा हाय. माझ्या एकेचाळीस. माझी किल्ली घे महिनाभर. ह्या पोरांच्या घेऊ नको. त्येंची चूक नाय ती, माझी हाय.”

निहारने नीरजाकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. “तात्यांना बर्फावर पाठवू नका,” ती म्हणाली. “महिनाभर रोज एकेकाच्या गाडीत बसवा. मी अकराजणांना वर्गात महिनाभर सांगितलं तरी ऐकणार नाहीत. ह्यांचं ऐकतील.”

निहारला ते पटलं. किल्ली मात्र त्याने खणात टाकली आणि खण बंद केला. खण बंद झाल्याचा आवाज ऐकून गंगारामचा हात रिकाम्या खिशाकडे गेला. महिनाभर का होईना, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे चालवायला गाडी नव्हती.

सोमवारी पहिली पाळी नितेशच्या गाडीची. गंगाराम क्लीनरच्या जागेवर बसला. तिथे पाय कुठे ठेवायचे, हेच त्याला कळेना. ब्रेक मारायला पाय सारखा पुढे जात होता. नितेश आदल्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोलला नव्हता. चारचौघांत कमीपणा आला असं त्याला वाटत होतं, आणि बापालाही आला हे त्याहून जास्त लागलं होतं. खेडशी गाव मागे पडलं तरी गाडीत फक्त इंजिन बोलत होतं.

उतार लागला. नितेशने मनाशी ठरवलं असणार, पण हाताला कुठे कळतं? चौथरा दिसताच त्याचा उजवा हात स्टेअरिंगवरून उठला.

“ऱ्हावंदे,” गंगाराम हळू म्हणाला. “तू रस्ता बघ. नावं मी घेतंय.”

नितेशचा हात पुन्हा स्टेअरिंगवर गेला. गंगारामने समोर बघत, डोळे टक्क उघडे ठेवून, मोठ्याने सुरुवात केली. “राखणदारा, गोदूला सांभाळ. नितेशला सांभाळ.” आपलं नाव नितेशने बापाच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. पण त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. “समीक्षाला सांभाळ. सानवीला...”

नितेशने ब्रेकवर पाय ठेवलाच होता. पुढे पायवाटेच्या तोंडाशी तीन मुली उभ्या होत्या, दप्तरं पाठीला, एकमेकींचे हात धरून. गाडी हळू होत होत त्यांच्या अलीकडे थांबली. गाडी आपल्यासाठी थांबते ह्याची त्यांना सवय नसावी. त्या जरा बावरल्या, मग धावत रस्ता ओलांडून गेल्या. सगळ्यांत धाकटी मागे राहिली. तिची चप्पल निघाली होती. रस्त्याच्या मधोमध बसून ती सावकाश पट्टा लावायला लागली. तिला कसली घाई नव्हती.

“बाबा,” नितेश म्हणाला.  “ही रोज असतात हय?”

“असणारच रे,” गंगाराम म्हणाला. “आपणच नव्हतो.” त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय गो बाय, नाव काय तुझा?”

चप्पल लावून झाल्यावर मुलगी उठली. तिने आधी गाडीकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. “पूर्वी,” ती म्हणाली आणि पलीकडे पळाली.

ती वाट चढून दिसेनाशी होईपर्यंत नितेशने गाडी हलवली नाही. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, तरीही नाही. गंगारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलंही नाही. राहिलेलं नाव त्याने पुरं केलं. मग चौथऱ्याकडे वळून बघत म्हणाला, “राखणदारा, त्या पूर्वीला आमी सांभाळतो.”